कमावलेलं

वॉल्सॉलच्या खोगिरांच्या गल्लीत,
बंद व्हायला टेकलेल्या दुकानातून आणलं जॅकेट.
घातलं, तर हात खाली येईनात.
बसस्टॉपवर मी बुजगावण्यासारखी उभी,
पास काढायला खिशात हात घालावा
तर काखेत काचतं.
नवी वहाण चावते, हे ठाऊक होतं.
हे चावत नव्हतं,
धरून ठेवत होतं.

डेझमंड म्हणाला होता काउंटरवरून,
"तेलबिल काही नको. वापर.
भांडी घासताना घाल, भांडताना घाल."

घातलं मग.
कचऱ्याचा डबा उतारावरून ओढताना,
कणीक मळताना
(कोपराच्या घडीत पीठ आहे अजून),
आईला फोनवर 'सगळं ठीक' सांगताना.
नेमकं तेव्हाच कर्र वाजलं.
"कसला गं आवाज?"
"काही नाही, खुर्ची."

फेब्रुवारीत डावी बाही नमली, एकटीच.
तेव्हा कळलं,
ओझं मी कायम डाव्याच हाताला घेते.
चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

कातडं कमावतात, म्हणतो ना आपण.
दुसऱ्या कुणी कमावलेलं
मी फक्त विकत आणलं होतं
तोवर.

परवा शार्दूल तेच चढवून दूध आणायला निघाला,
फाटकातूनच परतला.
"याची कोपरं चुकीच्या जागी आहेत."

काढून घेतलं, खुंटीला लावलं.
रिकामं,
तरी डावा हात जरासा वाकलेला,
पिशवी कुणी देईल म्हणून.