सूत

चाळीस भरले की मी पेन्सिल खाली ठेवते.
ऐंशीवर गेले तर दुसऱ्यांदा मोजते,
कारण ऐंशीत डोळा हमखास एखादं सूत गाळतो.

मुळाचं टोक, तांदळाच्या कणीएवढं.
रंगात भिजवून काचेवर अंगठ्याने दाबायचं.
मग सापडते एखादीच पेशी, दुभंगण्याच्या ऐन बेतात,
गुणसूत्रं उघडी टाकलेली,
घर बदलताना कुणी सगळी भांडी अंगणात मांडावीत तशी.

मोरावियाच्या पूर्वेला, सीमेच्या डोंगरावर,
जूनमध्ये हे ऑर्किड फुलतं. फिकट गुलाबी,
संध्याकाळी त्याला लवंगेचा वास.
वेंदेलीन दोन्ही हातांनी लांब विळा फिरवत येतो,
फुलं टाळून गवत कापतो, थांबतो.
"यातलं ऐंशीवालं कोणतं?"
बघून कळत नाही, मी म्हणते.
"मग त्यांना तरी कळतं का?"

कधीतरी एका पेशीने वाटणीचा दिवस चुकवला.
भांडण नाही, कागद नाही,
सगळं दुप्पट, आणि घर तेवढंच.
तेव्हापासून एकाच उतारावर दोघी,
हातभर अंतरावर,
आणि मुळांत उतरलं की मंडळी निराळी:
हिच्याकडे एक बुरशी, तिच्याकडे दुसरी,
काही दोघींकडे जाऊन-येऊन.

बी म्हणजे नुसती धूळ.
आईने शिदोरी बांधून दिलेली नाही.
मातीतून कुणीतरी तंतू पुढे करून
पहिला घास भरवायचा, तर उगवायचं.
पुढे मुळाच्या पेशीपेशीत त्या तंतूंची वेटोळी,
आणि रोप ती पचवतं.
पाहुणा कोण आणि जेवण कोण,
मला अजून धड सांगता येत नाही.

सूत जुळलं म्हणतात.
कुठलं सूत कुठल्या सुताशी,
एवढंच तर शोधतोय.
जाळीच्या साठ पुड्यांत बी भरून पुरलं,
हिचं तिच्या पायाशी, तिचं हिच्या.
अठरा महिन्यांनी उकरायला गेलो
तर एकोणीस आधीच रानडुकरांनी उकरलेल्या.
उरलेल्यांत ऐंशीवालं बी
परक्या शेजारात दोनदा रुजलेलं.
"दोन म्हणजे काहीच नाही,"
बोहुमिलाबाई वही मिटत म्हणाल्या.

वेंदेलीन दोनवर बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, ओतीलिया डोंगरापलीकडची.
लग्न झालं तेव्हा देश एकच होता.
येताना तिने लाकडी काथवट आणली,
तळाला जुनं आंबवण वाळून चिकटलेलं.
पीठ माझ्या आईचं, आंबवण तिच्या आईचं.
पाव दगडासारखा बसला. पुन्हा बसला.
आई म्हणाली, हे आपल्या पिठाला मानवत नाही.
"मग?"
"मग एकदा फुगला.
का, ते कुणी विचारलं नाही. गरम होता, खाल्ला."

आता ओतीलिया नाही. काथवट आहे,
तो दर शनिवारी तिच्यात पीठ भिजवतो.
जाताना त्याने माझ्या पिशवीत अर्धा पाव सरकवला,
मुळांच्या नमुन्यांना लागू नये म्हणून
वर्तमानपत्रात गुंडाळून.

रात्री प्रयोगशाळेत त्याचा आंबूस वास.
भिंगाखाली एक पेशी पसरलेली,
काठावर दोन सुतं एकमेकांवर आडवी,
एक की दोन?

एकोणऐंशी.
बोटांवरचं पीठ पुसून
पुन्हा पहिल्यापासून.