पन्नासातलं एक

गॅरेजच्या वरची खोली भाड्याने देताना
आर्लिन टोलेफसनने एकच अट घातली:
रात्री आठनंतर जिन्यावर पाय आपटायचे नाहीत.
काटा हलतो.

मी गव्हाच्या मुळांवर काम करायला आलेली, एका हिवाळ्यापुरती.
बाहेर मोंटानातलं जुडिथ खोरं, उणे बावीस,
धसकटांवर बर्फ, बर्फावर वारा.
खाली तो हीटर बंद करून बसलेला,
कारण हीटरची झुळूकही त्या पारड्याला कळते.

लाकडी ठोकळ्याला पन्नास भोकं, त्यात पन्नास पितळी टरफलं
तोंड उघडून उभी. सातव्यांदा भरली जाणारी.
झाडून झाली की तो गुडघ्यांवर रांगत वेचून आणतो,
अक्रोडाच्या भुशात घोळवतो,
मान ज्योतीवर धरून मऊ करतो,
लांबी केसभर वाढली असेल तर तासतो.
एखाद्याच्या मानेला चीर दिसली
की पक्कडीने चिमटून डब्यात.
पितळ उघडं पडलं, मी मनात म्हणते.
त्याला कसं सांगणार.

मग दारू.
चमच्याला बोटाने टिचक्या मारत, कण कण.
एका ग्रेनचा दहावा भाग चुकला
तर हजार यार्डांवर गोळी चार बोटं खाली जाते, म्हणतो.
मी गुंजांत हिशेब करते:
एका गुंजेचे वीस भाग, त्यातला एक.
एवढं तर सोनारसुद्धा सोडून देतो.

दुसरी दारू सोडून त्याला अकरा वर्षं झाली.
त्याच्या भाषेत दोन शब्द आहेत,
एकमेकांची ओळखही नसलेले.
माझ्याकडे एकच.
"घरमालक रोज रात्री दारू भरत बसतो," मी फोनवर सांगितलं
तर आई म्हणाली, खोली बदल.

दर रविवारी पाच गोळ्या. त्याचा नेम.
एकदा मीही गेले. धक्का त्याच्या खांद्याला बसला,
आणि मग काहीच नाही.
एक. दोन. तीन.
चार म्हणता म्हणता पलीकडच्या लोखंडी ताटावरून
शेजारच्या घरात कुणाच्या हातून वाटी पडावी
तेवढाच आवाज.
वहीत त्याने तापमान लिहिलं, वेग लिहिला,
वाऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

गुरुवारी मॅरिटचा फोन आला, बिलिंग्जहून.
तो बोलला, ठेवला, उरलेली भरली,
पन्नासच्या पन्नास गोळ्या बसवल्या,
आणि तसाच बसून राहिला.
फोन वाजला तेव्हा पारड्यात होती
ती पुरी तोलली होती का?
आणि ते टरफल कितवं?
आता वजन करूनही कळायचं नाही,
पितळापितळातच त्याहून जास्त फरक.

"आठवत नाही," तो म्हणाला.
हे वाक्य त्या घरात पूर्वी फार वापरलं गेलं असावं.
सकाळी, ट्रकच्या चेपलेल्या दाराशी.
मॅरिट तेव्हा नऊ वर्षांची, मागच्या सीटवर.

एकोणपन्नास बरोबर आहेत, मी म्हटलं.
त्याने हातोडी काढली, पोकळ डोक्याची,
तिच्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं:
ठक, ठक, आणि गोळी निसटते,
मागोमाग दारू.
पन्नास वेळा.
त्या रात्री मी जिन्यावर नाचले असते तरी चाललं असतं.
मी नरसाळं धरलं.

अकराला पुन्हा मॅरिट. अजून जागे? काय करताय?
"ओततोय," तो म्हणाला, "परत डब्यात. सगळी."
पलीकडे ती दचकली नाही.
तिला कशाला दचकायला होईल.
नरसाळं माझ्या हातात हललं,
चारदोन कण फरशीवर सांडले,
ते त्याने ओल्या बोटाने टिपून घेतले.

रविवारी वारा ताशी चाळीस मैल, कुणी कुठे गेलं नाही.
संध्याकाळी खाली दिवा लागला.
ठोकळ्यावर खडूचे आकडे, एक ते पन्नास,
आणि फोन, रिसीव्हर काढून, उताणा.
आठ वाजून गेले होते.
मी बूट हातात घेऊन वर गेले.