पायलीला एक मूठ

ओढा येऊरवरून उतरायचा.
पणजा, चांगो भोईर, फळी उचलायचा
आणि दगड फिरू लागायचा.
एवढंच यंत्र.

पायलीला एक मूठ दळणावळ.
मूठ मात्र पणजीची,
कारण तिची लहान.

दर अमावास्येला दगडाला टाकी.
आजोबांच्या मनगटांत पोलादाचे कण रुतलेले,
निळसर, मोजता येतील इतके.
अस्थी वेचताना
आम्ही ते शोधले नाहीत.

ओवळ्याचा पाट बुजवला
तेव्हा बाबा कामावर होते.
पाट बुजवायच्याच कामावर.

आता तिथे एकतीस मजले,
आणि पंपरूमला रात्रपाळीचा मी.
बटण दाबतो, पाणी वर चढतं.
आमच्या घराण्यात पाणी चढताना
मीच पहिल्यांदा पाहतोय.

खालची तळी गेटपाशी आहे,
भोकात कसलंसं विलायती झाड.
वॉचमन तिच्यावर डबा ठेवतो.
वरची कुणी नेली, ठाऊक नाही.

साडेचारला मोटर बंद केली
की पाइपातलं पाणी
जरासं मागे घसरतं,
कुणीतरी फळी उचलल्यासारखं.
मी कान लावून उभा राहतो.
मग हात पुसताना
मूठ मिटून बघतो.

माझीही लहानच आहे.