गुरुवारच्या खिडक्या

विमान दोनदा घिरट्या घालून परत गेलं.
तिसऱ्या दिवशी ढगाने जरा कड उचलली
आणि मी फ्लोरेसवर उतरले.
हे सातवं बेट.
दोन बॅगा, लॅपटॉप, कुकरची जास्तीची रिंग,
आणि तीन पिशव्यांत गुंडाळूनही
सगळ्या कपड्यांशी सोयरीक जमवलेला हिंग.

नव्या घरात पहिले दोन दिवस
मी पाहुणी नसते, चोर असते.
अंधारात भिंत चाचपते:
कुठल्या बटणाला कुठला दिवा,
नळ कुठे वळवला की गरम,
कुठली फळी पाय पडताच चुगली करते.
मग टेबल खिडकीपाशी ओढते,
नेटवर्क तिथेच मिळतं,
पाऊस नसला तर.
पाऊस असतोच.

घरमालकीण दोना देओलिंदा.
तिला माझी भाषा येत नाही, मला तिची.
तिने किल्ली पुढे केली, म्हणाली, “शाव्ह.”
मी म्हटलं, चावी.
ती थबकली. परसातून आणून दाखवली, “बाल्द.”
मी म्हटलं, बादली.
मग आम्ही दोघी घरभर हिंडलो
साबण, बटाटा, पाव करत,
वाफ्यातल्या कोबीपर्यंत.
कधीकाळी इथून उचललेलं सामान
मी परत करायला आलेय, असं वाटलं असावं तिला.
खिडकीला ती “जनेला” म्हणाली तेव्हा मात्र
मीच गप्प झाले.
वेंगुर्ल्याची मावशी म्हणायची,
जनेल ओढून घे गो, वारा येता.

किती दिवस? तिने बोटांनी विचारलं.
तीन बोटं. महिने.
मग?
मी खांदे उडवले,
सहा बेटांवर उडवले तसेच.

सोमवारी मालाची बोट यायची होती.
समुद्र नाही म्हणाला.
दुकानात उरलं होतं व्हिनेगर, मेणबत्त्या
आणि मांजरांचं खाणं.
आर्मेनियुने मला पाहून
गल्ल्याखालून तीन कांदे काढले,
वहीत लिहिलं. नाव विचारलं नाही.
“देओलिंदाची,” एवढंच.
सहा बेटांवर माझं कार्ड चाललं.
उधारी इथे पहिल्यांदा मिळाली.

रात्री कड्यावरून कगारो पक्षी ओरडतात,
सर्दी झालेल्या म्हाताऱ्याने
कुणाची तरी नक्कल करावी तसे.
आठवडाभर दचकले.
मग एका रात्री ते ओरडले नाहीत
आणि मला झोप लागेना.

तिसऱ्या आठवड्यात देओलिंदा
चांगला कोट घालून दारात उभी.
डोळ्याचं ऑपरेशन, फायालच्या इस्पितळात.
हातात अकरा चाव्यांचा जुडगा,
प्रत्येकीला लोकरीचा धागा.
लाल, फॉल रिव्हरला गेलेल्या भावाची.
पिवळी, टोरांटोच्या इल्दाची.
हिरवी कुणाची ते तिला आता आठवेना,
पण घर आहे, पुलापलीकडे.
“गुरुवारी,” ती म्हणाली, “जनेला,”
आणि दोन्ही हातांनी हवा उघडून दाखवली.

तर मी जाते.
ओल धरू नये म्हणून
अकरा घरांना तासभर वारा पाजते.
एका पलंगाखाली चपला आहेत, टाचा भिंतीकडे,
निघायच्या तयारीत.
एका स्वयंपाकघरात कॅलेंडर सत्याऐंशीच्या जूनवर थांबलंय.
हिरव्या घराची खिडकी अडते,
तिच्या बिजागरीला साबण चोळते.

माझ्याही नावावर एक फ्लॅट आहे,
तिसरा मजला, पश्चिमेला तोंड.
त्याची चावी बॅगेच्या चोरकप्प्यात
सात बेटं फिरलीय.
तिथे कुठल्याच वारी कोणी जात नाही.
मी कुणाला सांगितलंच नाही कधी.

कालपासून तिला निळा धागा बांधलाय.
अजून जुडग्यात घातलेली नाही.

ऑफिसने नवी मीटिंग ठेवली, दर गुरुवारी सकाळी.
मी कळवलं,
गुरुवार मला जमायचा नाही,
खिडक्या आहेत.