पंचवीस वर्षांनी

लांगेस्लोटच्या काठाला आमचा तराफा लागला
तेव्हा सकाळचे साडेसहा.
तित्सके बाई खिडकीत आधीच उभ्या,
जणू मशीन नाही,
पाहुणा यायचा होता घरी.

आधी जुनं उपटायचं.
अझोबेच्या फळ्या, कॅमेरूनच्या रानातून
जहाजात बसून फ्रीसलंडला आलेल्या,
इतक्या जड की पाण्यात सोडल्या तर तळ गाठतात.
पाण्याखाली अजून शाबूत, काळ्याभोर.
पण पाणी आणि हवा जिथे रोज भांडतात
त्या वीतभर पट्ट्यात
बोट दाबलं की भुगा.
तळाचं टिकतं.
मधलं कुजतं.

एका फळीच्या माथ्यावर पत्र्याचा बिल्ला निघाला.
डाउवने तो विजारीला पुसून बाईंच्या हातात दिला.
"वीब्रेन," त्या म्हणाल्या. "ही त्याची दुसरी खेप.
पहिल्या खेपेला माझे वडील होते,
मी एकोणीसची.
तीन आठवड्यांचं काम त्याने सहा आठवडे पुरवलं.
वडील म्हणायचे, एवढ्याशा काठाला एवढी कॉफी?"

नवी शीट हलकी.
काचेचे धागे रेझिनमध्ये भिजवून
तापल्या साच्यातून ओढून काढलेले,
कॉम्पोझिट म्हणतात.
डाउव एकटाच एक खांद्यावर घेतो आणि मिरवतो.
गंज नाही, बुरशी नाही,
किडा चाखून परत जातो.
वासही नाही.
लाकूड उपटताना आमच्या कपड्यांना लागलेला
तो ओला, आंबूस वास
दुपारपर्यंत पुरला, मग गेला.

हलक्या गोष्टीला मात्र एकटीने खाली जाता येत नाही.
पोलादाची एक जाड पट्टी तिच्या पाठीशी लावतो आम्ही,
हातोडा थरथरतो, दोघी मिळून
चहाच्या चोथ्यासारख्या त्या मातीत उतरतात,
चिकणमातीत पाय रोवेपर्यंत.
मग पोलाद एकटंच वर येतं,
पाठराखीण परत यावी
तसं.

एकीच्या खाचेत दुसरीची जीभ.
वळणावर, जुन्या गॅस कारखान्यापाशी,
खाचेत फुगणारी पट्टी भरली;
तिथल्या मातीत डांबर आहे,
आजोबांच्या काळातलं,
त्याला आता कालव्याकडे वाट नाही.
भिंतीच्या अलीकडे विष, पलीकडे बदकं.
बदकांना यातलं काही माहीत नाही,
ती डाउवच्या डब्यातला पाव मागतात.

दहा वाजता कॉफी. माणशी दोन कप,
नको म्हटलं तरी.
"किती टिकेल हे?"
कारखान्यातले सांगतात पंचाहत्तर,
कुणी शंभरही सांगतो,
मी म्हणालो, शंभर बघितलेला कुणी नाही अजून.
बाई बोटांवर मोजू लागल्या,
आणि मध्येच थांबल्या.
"म्हणजे पंचवीस वर्षांनी
कुणी यायचं नाही."

मी बशीतली कॉफी पुसत बसलो.
आम्ही टिकाऊपणाचे पैसे घेतो.
पुन्हा यावं लागू नये, हीच तर आमची जाहिरात.

मग कसं कोण जाणे, तोंडातून गेलं:
"वरची टोपी लाकडाची असते.
ती पंधरा वर्षांत कुजेल."
"पंधरा?" त्या म्हणाल्या.
"पंधरा चालतील.
मी नसेन, पण खिडकी असेल."
आणि बिल्ला माझ्यापुढे सरकवला:
"तिच्यावर ठोक."

नकाशात टोपीसुद्धा कॉम्पोझिटची होती.
संध्याकाळी तराफ्यावरून मी वखारीत फोन लावला.
ओक, म्हटलं. अझोबे नको, इथलाच ओक.
साडेअकरा मीटर.
फरक माझ्या पगारातून कापा.
पलीकडचा विचारत होता, कारण काय लिहू.
मशीन बंद करून डाउव माझ्याकडे बघत होता.
लिही, मी म्हणालो,
देखभाल.