खालचा बाण

नळीवर चिठ्ठी मीच चिकटवली:
यामिनी टी. फिरके, स्त्री, १९.
नातं लिहायला रकाना नसतो.

भुसावळच्या या लॅबमध्ये सात वर्षं
मी अनोळखी रक्त फिरवत आले.
त्या दिवशी यंत्राचं झाकण लावताना
हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

पोटॅशियम. समोर खालचा बाण.
पुन्हा लावलं. पुन्हा बाण.
सावद्याला आमच्या दारात
केळीचे ट्रक रात्रभर भरतात,
अप्पा काट्याशी उभं राहून
घडांचं वजन पुकारतात,
आणि त्यांच्याच लेकीच्या रक्तात
एका केळ्यापुरता क्षार नाही.

हमाल चहाला गेले की
ती त्याच काट्यावर चढायची.
आकडा उतरला की चेहरा उजळायचा.
मला वाटायचं, पोरगी खूश आहे.

खूश होतीच म्हणे.
डॉक्टर वारकेबाईंनी पावतीच्या मागे
मेंदू काढून दाखवला, वांग्यासारखा दिसला:
इथे, अगदी आत, शाबासकी देणारा कारकून बसतो.
हिच्या कारकुनाने वही उलटी धरलीय.
भरताचा वास आला की धोक्याची घंटा,
ताट दूर सारलं की पाठीवर थाप.
भूक हिला छळत नाही, निवांत करते.
हट्ट म्हणू नका याला.

आई हट्टच म्हणत आली होती.
कळण्याच्या भाकरीचा तुकडा पुढे धरून
"खाय नं वं माय, एवढुसाच,"
आणि यामिनी त्या तुकड्याकडे
अंथरुणातल्या विंचवाकडे बघावं तशी.

मीही म्हणाले होते एकदा.
चुलतभावाच्या हळदीत, सगळ्यांदेखत.
ते कुठल्या तपासणीत येत नाही.

"आता कोंबू नका," बाई म्हणाल्या,
"इतक्या उपाशी शरीराला एकदम दिलं
तर रक्तातला फॉस्फरस ढासळतो,
हृदयाचा ठोका चुकतो."
तासाभरात अप्पा पहिल्यांदा बोलले:
"म्हणजे ठिबक."
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"हो. ठिबक."

हल्ली ट्रक नसला की
काट्यावर ताडपत्री असते, वर दोन विटा.
ओट्यावर यामिनी, बशीत वरण-भात,
शेजारी अप्पा, उगाच दोरी वळत.
घास तोंडात जातो तेव्हा ते रस्त्याकडे बघतात.
एक दिवस तिने बशी भिंतीवर मारली.
हळदीचा तो डाग पुसायला
आई तयार नाही, का ते सांगत नाही.

गुरुवारच्या नळीतही बाण होता.
आकडा एका दशांशाने सरकलेला,
यंत्राची चूकही असू शकेल एवढाच.
मी तरी अप्पांना फोन लावला.