तिसरी नळी

उद्यमबागेत लाइट गेली की साडेतीनला येते,
तोवर मॅनिफोल्ड रॉकेलमध्ये पडून असतं.
एस्टीम, कार्ब्युरेटरवाली, शहाण्णवची.
मालक मल्लेशी कोलकार, संकेश्वरचा,
गाडीपेक्षा लहान.
"अण्णा, आतनं आरशागत करा. तोंड दिसलं पायजे."
तोंड बघायला घरात आरसा आहे की, म्हटलं.
हवा एकटी येत नाही आत, पेट्रोल घेऊन येते.
काचेवर दहिवर ओघळतं,
सारवलेल्या भिंतीवर नाही ओघळत.
थोडं खरबरीत ठेवायचं असतं, मर्दा.
तो हो म्हणाला
आणि मोबाइलमध्ये कुणाचं तरी चकचकीत मॅनिफोल्ड दाखवलं.

मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.
म्हणजे आहे:
मेहुण्यानं लग्नात दिलेला व्हॅक्यूम क्लीनर,
गवंड्याची लेव्हलची नळी, तिच्यात कुंकवाचं पाणी,
मागं फळीवर पोरीची शाळेतली पट्टी.
एक तोंड उघडं, बाकीची तीन मळलेल्या कणकेनं बंद.
पहिली नळी बावन्न मिलिमीटर,
दुसरी त्रेपन्न,
चौथी बावन्न.
तिसरी एकसष्ट.
पाणी जास्त चढलं म्हणजे वारं कमी जातंय,
हे मल्लेशीला तीनदा सांगावं लागलं:
एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये,
एकदा फ्रूटीची नळी त्याच्या तोंडात देऊन
मधेच चिमटीत धरून.
"आयतु, आयतु," म्हणाला, डोळे मोठे करून.

मग करंगळी घातली तिसरीत.
वळणाच्या पलीकडं, जिथं दिवा पोचत नाही,
चिंचोक्याएवढी गाठ.

अकरा वर्षं मी कोअरशॉपला होतो.
धातू दुसरे ओतायचे.
आम्ही तेल घातलेली वाळू ठोकून
जिथं धातू येऊ नये तेवढी जागा घडवायचो
आणि ओतल्यावर ती फोडून बाहेर काढायचे.
अकरा वर्षांचं माझं काम म्हणजे
न दिसणारी पोकळी,
पगारपत्रकावर हेल्पर.
शिफ्ट सुटायच्या आधी घाई व्हायची.
कोअर भट्टीत जायच्या आधी, ओला असताना उचलला
की अंगठा रुतायचा.
वाळूत खड्डा, धातूत टेंगूळ.
फोरमन बाहेरून बघायचा. बाहेरून काय दिसणार.

कास्टिंगवरचा शिक्का झिजलाय, साल तेवढं वाचता येतं.
त्या साली आम्ही चाळीस जण होतो:
भरमा सुळगेकर, दस्तगीर,
उचगावचा एक बहिरा होता, त्याचं नाव आठवत नाही,
अंगठा मात्र आठवतो, रुंद, नख काळं.
माझाच असेल असं नाही.

कटरवर मेणबत्ती घासली,
नाहीतर अॅल्युमिनियम दाताला चिकटून बसतं.
हात हलका ठेवला.
मल्लेशी टॉर्च धरून होता,
गाठ गेली तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही,
आवाज जरा बदलला तेवढाच.
"येन इत्तु, अण्णा?"
काय नाही. गाठ होती.
कुणी ठेवली?
घाईत राहिली असेल.

ऐंशी नंबरच्या पेपरनं चारी नळ्यांवरून फिरलो,
गॅस्केटच्या निळ्या रेषेपर्यंत,
रेषेच्या पुढं नाही.
पुन्हा कणीक, पुन्हा कुंकू.
तिसरी: त्रेपन्न.
पट्टीवर पोरीनं पेननं काढलेलं फूल आहे,
पाणी त्याच्या देठाशी थांबलं.

सहाला गाडी जोडली.
वंटमुरीचा घाट चढताना मागच्या वेळी
ती दुसऱ्यावर यायची, म्हणाला होता.
ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं, दोन ट्रॉल्या,
मल्लेशीनं बाहेर काढली, हात गिअरवर गेला.
म्हटलं, राहू दे. तिसऱ्यातच ठेव.
तिनं ओढलं.

वर टपरीवर चहा घेताना
तो बॉनेटवर हात ठेवून उभा, तोंड पडलेलं.
"आवाज तसाच आहे की ओ, अण्णा."
मी अंगठ्याच्या नखातला पांढरा भुगा काढत होतो,
निघत नव्हता.